आजूबाजूला सगळे वेगळ्या राजकीय विचारांचे असतील तर तिथे राहायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी तुम्ही नवीन ठिकाणी राहायला आलात, माणसं चांगली आहेत, अडीअडचणीला धावून येतात, पण राजकारणात जवळपास सगळे एका बाजूचे आणि तुम्ही नवरा-बायको दुसऱ्या बाजूचे. बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं, लिफ्टमध्ये लोक तुम्हाला आपल्यातलंच धरून बोलतात, तुम्ही मान हलवता आणि घरी आल्यावर स्वतःचाच राग येतो. त्यात आता वरच्या मजल्यावरच्या काकांनी, ज्यांनी मागच्या वर्षी रात्री दोन वाजता तुमच्या वडिलांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं त्यांनीच, पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी प्रचाराची बैठक आहे, दोघं नक्की या, असं सांगितलंय. बोलावं, गप्प बसावं की जागाच बदलावी, असं विचारलंय तुम्ही.

मी गेली २३ वर्षं समुपदेशन आणि मध्यस्थीचं काम करते. शेजाऱ्यांची भांडणं, एका ऑफिसातले दोन गट, एका घरातले दोन पक्ष हे सगळं त्यात येतं. आणि त्यातली ९ वर्षं मी स्वतः अशा ठिकाणी राहिले जिथे आमचं घर सोडलं तर आमच्या विचारांचं कुणी आहे असं दिसायचंच नाही. म्हणून जरा लांबलचक लिहिते, निवांत वाचा.

सगळ्यात आधी त्रास आणि धोका या दोन गोष्टी वेगळ्या करा. कुणी धमकी दिली, दारावर काही लिहिलं, गाडी फोडली, मुलाला मारलं, नोकरी घालवायची भाषा केली, तर तो मतभेद राहत नाही. तिथे संवाद वगैरे करायला जायचं नाही. तारीख, वेळ, कोण होतं, काय बोललं हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं, स्क्रीनशॉट काढून लांबच्या एखाद्या विश्वासू माणसाकडे पाठवून ठेवायचे, एकट्याने जाब विचारायला जायचं नाही आणि जिथे तक्रार होते तिथे लेखी करायची. मी मध्यस्थ असूनही असली प्रकरणं मध्यस्थीला घेत नाही, कारण मध्यस्थीत दोन्ही बाजूंना वाटेल तेव्हा उठून जाता आलं पाहिजे आणि घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही. तुम्ही लिहिलंय त्यात असं काही दिसलं नाही म्हणून पुढचं सगळं त्रासाबद्दल लिहितेय, पण चित्र बदललं तर माझं बाकीचं उत्तर बाजूला ठेवा आणि हा परिच्छेद परत वाचा.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मी पहिल्याच दिवशी सांगते. तुम्ही कुणाला मत देता हे सांगणं तुम्ही कुणाचंही देणं लागत नाही. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदाराला सगळ्यांसमोर उभं राहून उमेदवाराचं नाव घ्यावं लागायचं, आणि कुणी कुणाला मत दिलं याच्या वह्या छापून विकल्या जायच्या, म्हणजे जमीनदाराला, मालकाला, ज्याचं कर्ज घेतलंय त्याला, सगळ्यांना कळायचं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियात १८५६ मध्ये गुप्त मतदान आलं, मग हळूहळू बाकीकडे पसरलं, आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २१ मध्ये ते लिहिलं गेलं. लोकांनी भांडून मिळवलेली गोष्ट आहे ही, आणि ती मिळवली ती तुमच्यासारख्या परिस्थितीतल्या माणसासाठीच, जो बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा आहे आणि ज्याला उद्या सकाळी त्याच लोकांत उठायचंय. त्यामुळे गप्प राहिलात म्हणजे तुम्ही भित्रे किंवा खोटे ठरला असं अजिबात मानू नका.

पण मान हलवणं वेगळं. तुम्हाला जो राग येतोय तो गप्प बसल्याचा नाहीये, तो मान हलवल्याचा आहे, हे मला तुमचं लिखाण वाचताना दोन-तीनदा जाणवलं.

एक बाई माझ्याकडे यायच्या, त्यांची तक्रार साधारण हीच. मी त्यांना म्हटलं आठवडाभर काहीच बदलू नका, फक्त जिथे मनाविरुद्ध हो म्हटलंत, हसलात, मान हलवलीत तिथे एक रेघ मारा. आठवड्याने छोटी डायरी घेऊन आल्या, १७ रेघा. त्यातल्या १३ लिफ्टमधल्या आणि जिन्यातल्या, म्हणजे ज्या गप्पा एक मिनिटसुद्धा चालत नाहीत. आणि त्या स्वतःच म्हणाल्या की मला वाटत होतं मी मोठमोठ्या चर्चांमध्ये गप्प बसते, प्रत्यक्षात मी एका मिनिटात स्वतःला विकून मोकळी होते. शब्द कडक होते, पण त्या दिवसापासून काम सोपं झालं, कारण मोठ्या चर्चा जिंकायच्या नव्हत्याच, फक्त त्या एका मिनिटात मान स्थिर ठेवायची होती. आम्ही बसून त्यासाठी वाक्यं तयार केली, ती पुढे देते.

मान का हलते हेही समजून घ्या, म्हणजे स्वतःवरचा राग कमी होईल. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास अमेरिकेत प्रयोग केले होते. एका खोलीत सात-आठ जण, समोर एक रेघ, आणि शेजारच्या तीन रेघांपैकी कुठली तेवढीच लांब आहे ते मोठ्याने सांगायचं. उत्तर इतकं उघड की एकटा माणूस जवळपास चुकतच नाही. पण त्या खोलीत एक सोडून बाकी सगळे ठरवून आणलेले होते आणि १८ पैकी १२ वेळा ते सगळे एकसुरात चुकीचं उत्तर द्यायचे. तर त्या १२ वेळांमध्ये त्या एकट्या माणसाची साधारण तीनातली एक उत्तरं गटाच्या मागे गेली, आणि चारातले तीन जण निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून गटाबरोबर गेले. आणि ही तर नुसती प्रयोगापुरती एका खोलीत बसवलेली माणसं होती बरं का. तुमची तर रोज गाठ पडते, त्यातल्या एकाने तुमच्या वडिलांना रात्री दवाखान्यात नेलंय. तुमची मान हलली यात विशेष काही नाही.

ॲशचा हा प्रयोग लोक सांगतात तेव्हा बहुतेकदा इथेच थांबतात, पण माझ्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेला भाग याच्या पुढचा आहे. त्याच खोलीत ॲशने आणखी एकच माणूस असा बसवला जो बरोबर उत्तर देतो. बाकी सगळे अजूनही चुकीचंच बोलतायत, बहुमत तसंच भक्कम, तरी चुकीची उत्तरं जवळपास पावपट झाली. म्हणजे तुम्हाला बिल्डिंगमध्ये बहुमत नकोय. तुम्हाला एक माणूस हवाय.

आणि तो बहुतेक आहे. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, यामागे बरंच काम झालेलं आहे. जर्मनीत एलिझाबेथ नोएल-नॉयमान या बाईंनी १९७४ मध्ये स्पायरल ऑफ सायलेन्स नावाची कल्पना मांडली, आपण त्याला मौनाचा भोवरा म्हणू. त्या लोकांना विचारायच्या की समजा ट्रेनचा पाच तासांचा प्रवास आहे आणि डब्यातला अनोळखी माणूस अमुक विषयावर बोलायला लागला, तर तुम्ही बोलाल का. त्यांचं म्हणणं असं की आपली बाजू कमी पडतेय असं वाटलं की माणूस बोलायचं टाळतो, तो टाळतो म्हणून त्याची बाजू आणखीच कमी दिसते, म्हणून पुढचाही गप्प होतो, आणि असं करता करता जी बाजू खरी थोडीशीच लहान होती ती दिसेनाशी होते. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम त्यांनी मांडला तितका सरसकट सापडलेला नाही हेही सांगते, पण कॉलनी, ऑफिस, ग्रुप अशा छोट्या जागांत मी तो माझ्या डोळ्यांनी इतक्यांदा पाहिलाय की माझा त्यावर विश्वास आहे.

याच्याच जवळचं एक उदाहरण सौदी अरेबियातलं आहे. रियाधमध्ये काही संशोधकांनी तरुण विवाहित पुरुषांना गटागटाने बोलावून गुपचूप विचारलं की बायकांना घराबाहेर काम करू द्यावं का, आणि बहुसंख्य पुरुष हो म्हणाले. मग विचारलं की इथे बसलेल्या बाकीच्यांचं काय मत असेल, तर बहुतेकांचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच खाली. अहो, त्या खोलीत बसलेले बहुतेक पुरुष एकाच मताचे होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की आपल्यासारखे आहेत त्यापेक्षा कमीच असतील. त्यातल्या काही जणांना खरा आकडा सांगितला, आणि काही महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्या बायकांनी नोकरीसाठी अर्ज करण्याचं, मुलाखतीला जाण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त होतं. हा अभ्यास २०२० मध्ये छापून आलाय. मी तो माझ्या प्रशिक्षणात दरवेळी सांगते.

म्हणून तुम्हाला पहिलं काम देते. ग्रुपवर किती जण आहेत ते बघा आणि गेल्या महिन्याभरात राजकीय पोस्ट कोणी टाकल्या, कोणी अंगठे दिले त्यांची नावं कागदावर लिहा. मी जिथे जिथे हे करायला लावलं तिथे रोज लिहिणारे पाच-सात जणच निघाले आणि अंगठे देणारे आणखी दहा-पंधरा. बाकीचे शंभरेक लोक काय विचार करतात हे ग्रुप वाचून तुम्हाला कळूच शकत नाही, तुम्ही त्यांना त्या सात जणांच्या खात्यात जमा करून टाकलेलं असतं. मग जरा डोळे उघडे ठेवून बघायला लागा. विषय निघाला की फोन आल्यासारखं करून बाजूला कोण जातं, फक्त पाण्याच्या आणि लिफ्टच्या मेसेजला उत्तर कोण देतं, कुणाच्या हातात कुठलं पुस्तक दिसतं, सगळे हसले तेव्हा कोण हसलं नाही. घाई करू नका, सरळ विचारू तर अजिबातच नका. आधी एखादी बारीकशी गोष्ट बोलून बघा, म्हणजे असं की "ग्रुपवर हल्ली फारच चाललंय ना". यावर समोरचा गप्प बसला तरी तुमचं काही गेलं नाही, आणि त्याने सुस्कारा सोडला तर तुम्हाला माणूस मिळाला. मला माझ्या ९ वर्षांत तिसऱ्या वर्षी एक ताई मिळाल्या, दोन मजले खाली राहणाऱ्या, आणि गंमत म्हणजे आमचीही मतं पूर्ण जुळत नव्हती, पण त्यांच्यासमोर मला मान हलवावी लागत नव्हती एवढं पुरेसं होतं.

आता ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्याबरोबरचं राहणं. इथे माझं मत ठाम आहे की मतांवर चर्चा करून नातं तयार होत नाही, आधी नातं लागतं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये लिहिलं होतं की दोन गट नुसते जवळ राहिल्याने काही होत नाही, बरोबरीच्या नात्याने, एका समान कामासाठी, एकमेकांच्या हाताला हात लावून आणि वरच्यांचा पाठिंबा असताना एकत्र आले तर पूर्वग्रह कमी होतात. २००६ मध्ये पेटिग्र्यू आणि ट्रॉप या दोघांनी असे ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले आणि एकूण निष्कर्ष तोच निघाला, संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, आणि ऑलपोर्टच्या चारही अटी पुऱ्या नसल्या तरी थोडा होतोच, असल्या तर जास्त. व्यवहारात याचा अर्थ असा की बिल्डिंगमध्ये एखादं काम अंगावर घ्या. गळती, हिशेब, पार्किंगची यादी, म्हाताऱ्या माणसांची औषधं आणायची पाळी, काहीही, ज्यात तुमच्या विरुद्ध विचारांच्या माणसाबरोबर खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागेल. म्हणजे लोकांच्या डोक्यात तुमची पहिली ओळख "ते दुसऱ्या पक्षाचे" अशी न राहता "ते गळतीचं बघतात ते" अशी होते, आणि उद्या तुमचं मत कळलं तरी ते त्या ओळखीच्या मागे उभं राहतं, पुढे नाही.

हे मला शिकवलं ते एका शेजाऱ्यांनी. आमच्या वरच्या गच्चीतून पाणी झिरपायचं आणि ते आणि मी मिळून दोन पावसाळे त्याच्या मागे होतो. आमची मतं दोन टोकांची, दोघांनाही एकमेकांची माहीत, त्यावर आम्ही कधी बोललो नाही. त्यांनी आमची शिडी नेली होती, दोन महिने परत केली नव्हती. मग निवडणूक झाली, निकाल लागला, आमची बाजू वाईट हरली. त्या रात्री खाली केवढा जल्लोष, आणि आम्ही पुढच्या खोलीतला दिवा बंद करून आतल्या खोलीत बसलो होतो, का ते सांगता येणार नाही, कुणी काही करणार नव्हतं, पण दिवा लावावासा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात हे शिडी घेऊन उभे. म्हणाले, "बरेच दिवस राहिलीच होती माझ्याकडे." मग दहा मिनिटं दारातच उभं राहून कुठल्या कोपऱ्यात ओल परत दिसतेय, कुठला कारागीर बरा हेच बोलत राहिले, निकालाचा शब्द नाही. जाताना म्हणाले, "काही लागलं तर आवाज द्या." ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आदल्या रात्री आमचा दिवा बंद असल्याचं त्यांनी पाहिलं होतं. शिडी हे निमित्त होतं. हा माणूस मतदानाला माझ्या विरुद्ध गेला आणि दुसऱ्या सकाळी मला बघायला आला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी आजही दोन्ही धरून ठेवते. त्याच्या मतामुळे माझ्या ओळखीच्या काही लोकांचं नुकसान झालं हेही मी विसरत नाही. माणूस चांगला आहे म्हणून त्याचं मत बरोबर होत नाही, आणि मत चुकीचं आहे म्हणून शिडी खोटी होत नाही.

बरं, आता वाक्यं. लिफ्टसाठी, जिन्यासाठी. "यात माझं मत जरा वेगळंय, पण ते आत्ता नको." "मी राजकारणावर बोलायचं टाळते हो, तुमचा गुडघा कसा आहे?" "मला हे पटत नाही, पण तुम्हाला असं का वाटतं ते कधीतरी ऐकायला आवडेल." आणि कुणी एखाद्या अख्ख्या समाजाबद्दल घाणेरडं बोललं तर, "असं नका ना बोलू माझ्यासमोर, मला त्रास होतो." ही वाक्यं साधी आहेत पण घरी मोठ्याने म्हणून सराव करा, खरंच करा, आरशासमोर नको, नवऱ्याला समोर उभं करून करा, कारण ऐन वेळी डोकं चालत नाही, तोंडाला जी सवय आहे तेच बाहेर पडतं. वाक्य म्हणताना आवाज नेहमीचाच ठेवा आणि म्हणून झालं की थांबा. माझ्या अनुभवात लोक वाक्यामुळे चिडत नाहीत, वाक्यानंतर आपण जे स्पष्टीकरण देत बसतो त्याने वाद पेटतो.

कधी खरंच बोलायचं झालं, म्हणजे एखादा माणूस निवांत आहे, ऐकायच्या मनःस्थितीत आहे, तर तुमच्याकडचे पुरावे आधी काढू नका. पुरावे दिल्याने माणूस उलटा जास्त हट्टी होतो असं मध्यंतरी खूप बोललं जायचं, पुढच्या मोठ्या चाचण्यांत ते फारसं टिकलं नाही. लोक चुकलेली माहिती बऱ्यापैकी दुरुस्त करून घेतात, पण त्याने त्यांची बाजू बदलत नाही. बाजू थोडी तरी हलताना दिसली ती वेगळ्या पद्धतीने. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ कला यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मायामीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकर्ते घरोघरी जाऊन साधारण दहा मिनिटं बोलले, विषय ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा पूर्वग्रह. त्यांनी भाषण दिलं नाही, समोरच्याला विचारलं की तुम्ही कधी वेगळे आहात म्हणून तुम्हाला कुणी वाईट वागवलंय का, आणि तो सांगत असताना ऐकून घेतलं, मग त्याच्याच अनुभवावरून विषयाकडे आले. तीन महिन्यांनी तपासलं तरी फरक टिकून होता. एका संभाषणात माणूस उलटापालटा होत नाही, फरक सरासरीत दिसतो, हे लक्षात असू द्या, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. पण पद्धत घेण्यासारखी आहे, आधी त्याची गोष्ट विचारा, ती पूर्ण ऐका, मग तुमची सांगा, आणि तुमची म्हणजे तुमच्या आयुष्यातली, चॅनेलवरची नाही.

ग्रुपचं सोपं आहे. म्यूट करा, दिवसातून एकदा पाण्याचे, लिफ्टचे मेसेज बघा, राजकीय पोस्टला तिथे उत्तर देऊ नका, कारण तिथे तुम्ही एका माणसाशी बोलत नसता, १२० लोकांसमोर त्याला खाली पाडत असता आणि तो १२० लोकांसमोर मागे हटणार नाही. फारच झालं तर ॲडमिनला एकट्याला फोन करून म्हणा की हा ग्रुप बिल्डिंगच्या कामापुरता ठेवूया का, आणि तुमच्या बाजूची पोस्ट कुणी टाकली तरी हाच नियम मागा. काही जण उत्साहाने समोरच्या बाजूची चॅनेलं, अकाउंटं फॉलो करायला लागतात, समजून घेऊ म्हणून. मी सुचवत नाही. २०१८ मध्ये ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांना महिनाभर ट्विटरवर विरुद्ध बाजूच्या पोस्ट दाखवल्या, तर रिपब्लिकन लोक आणखीच कट्टर झाले आणि डेमोक्रॅट लोकांत म्हणावा असा फरक पडला नाही. तिथे विरुद्ध बाजूचा माणूस भेटत नाही, त्याच्यातला सगळ्यात आरडाओरडा करणारा तेवढा भेटतो. वरच्या मजल्यावरचे काका त्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती देतील.

मुलांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. मुलांना "बाहेर सांगू नको" असं म्हणू नका, त्यांना वाटतं आपल्या घरात काहीतरी लाजिरवाणं आहे. त्याऐवजी "या गोष्टीत लोकांची वेगवेगळी मतं असतात, आपलं असं आहे, त्यांचं तसं, आणि तुला नको असेल तर तुला यावर बोलायची गरज नाही" एवढं सांगा. आणि मुलांसमोर शेजाऱ्यांना मूर्ख म्हणू नका, ती शेजाऱ्यांच्याच मुलांशी खेळतात.

त्यावरून आठवलं, तुमच्या लिखाणात एक जागा अशी आहे जिथे मला खरी काळजी वाटली. तुम्ही लिहिलंय की हल्ली त्या लोकांबद्दल मनात कीवसुद्धा येत नाही, नुसता तिटकारा येतो. हे धोक्याचं आहे, त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. अल्पमतात राहणाऱ्या माणसाचं दोन प्रकारे नुकसान होतं, एक तो हळूहळू आकसत जातो, किंवा तो मनातल्या मनात सगळ्यांपेक्षा उंच होऊन बसतो, आणि दोन्हीत तो एकटा पडतो. डायना मट्झ या अमेरिकन अभ्यासक बाईंनी यावर बरंच काम केलंय, त्यांना असं दिसलं की ज्यांच्या आजूबाजूला वेगळ्या मताचे लोक असतात त्यांना समोरच्याचं म्हणणं काय आहे ते नीट माहीत असतं, त्यांच्यात सहनशीलताही जास्त असते, पण तेच लोक राजकारणात भाग कमी घेतात, मत कुणाला द्यायचं हे उशिरा ठरवतात, कधी मतदानच टाळतात. या दुसऱ्या भागावर लक्ष ठेवा. मतदान चुकवायचं नाही. तुमच्या विचारांचं काही काम करायचं असेल तर ते बिल्डिंगच्या बाहेर शोधा, महिन्यातून एकदा का होईना, जिथे तुम्हाला प्रत्येक वाक्य तोलून बोलावं लागणार नाही अशी जागा लागतेच. बाहेर श्वास घेता आला की आतला तिटकारा उतरतो, हे मी स्वतःवर पाहिलंय.

आणखी एक, नवरा-बायकोत याबाबतीत एकमत आहे का ते बघून घ्या. बहुतेक जोडप्यांत एकाला बोलायचं असतं आणि दुसऱ्याला शांतता हवी असते, आणि बाहेरच्या राजकारणापेक्षा घरातला हा तंटा जास्त थकवतो. एकमेकांच्या वतीने काहीही जाहीर करायचं नाही एवढं तरी ठरवा.

जागा बदलायची का? मी ९ वर्षांनी बदलली, पण ती घर लहान पडलं म्हणून. माझ्याकडे आलेल्यांपैकी काहींना मी स्वतः जा म्हटलंय, ज्यांना झोप लागत नव्हती, ज्यांची मुलं शाळेला जायला घाबरत होती, ज्यांनी वर्षभर प्रयत्न करूनही त्यांना एक माणूस मिळाला नाही. तुमच्याकडे दीड वर्ष झालंय, पण खरं सांगायचं तर तुम्ही अजून प्रयत्न केलेला नाही, दीड वर्ष मान हलवलीय. सहा महिने हे सगळं करून बघा आणि मग ठरवा, आणि तेव्हा गेलात तर पळून गेल्यासारखं वाटणार नाही.

राहिली काकांची बैठक. जाऊ नका, आणि नाही म्हणायला मेसेजही करू नका, ऐन वेळी तब्येतीचं कारण तर अजिबातच नको, ते खरं मानून तब्येत विचारायला येतील. आदल्या दिवशी संध्याकाळी दोघंही वर जा. दारातच म्हणा, "काका, उद्याच्या बैठकीला आम्ही नाही येणार. राजकारणात आमचं मत तुमच्यापेक्षा वेगळंय, आणि नुसतं येऊन बसणं तुमच्याशीच खोटं वागल्यासारखं झालं असतं. तुम्ही त्या रात्री बाबांसाठी जे केलंत ते आम्ही विसरलेलो नाही, म्हणून स्वतः सांगायला आलो." ते क्षणभर गप्प होतील. ती शांतता भरून काढायला तुम्ही काही बोलू नका. कदाचित चेहरा पडेल, कदाचित "अरे, त्यात काय एवढं" म्हणतील, कदाचित आत बोलावून दोन तास समजावतील, तसं झालं तर अर्धा तास ऐका आणि उठा. आणि बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिफ्टमध्ये भेटले की आधी तुम्ही बोला.